उभ्या गाडीची वर्दी

पहाटे साडेपाच. आज 30 जून. रात्रभर रिपरिप चालू होती, अजून थांबलेली नाही. चूल-चहाच्या आधी मी वही उघडते. लाल कापडी बांधणीची, दोनशे पानी. आजच्या पानावर अकरा गाड्या आहेत: सात बस, तीन ट्रक, एक टिपर. या अकरा गाड्या उद्यापासून काही महिने रस्त्यावर येणार नाहीत, आणि ते आज संध्याकाळच्या आत सरकारदरबारी लेखी कळवायचं आहे. आमच्या भाषेत ‘गाडी नॉन-युजला टाकायची’ आहे.

वाहनमालकांची कागदपत्रं करायचं काम मी बावीस वर्षं करतेय. पासिंग, परमिट, टॅक्स, नावबदल, सगळंच करते. पण जून-जुलैत नॉन-युजचं काम अंगावर येतं. लग्नसराई आटोपलेली असते. शाळांच्या सहली दिवाळीनंतर. साखर कारखान्यांची धुराडी कधीच थंड झालेली असतात. वारीला जाणाऱ्या बस तेवढ्या मालक चालू ठेवतात. दोन बस असतील तर एक वारीला लावतात आणि दुसरी उभी करतात. उभ्या बसला भाडं मिळत नाही, पण टॅक्सचं मीटर चालूच राहतं. प्रवासी बसचा टॅक्स सीटवर असतो. गाडीत माणूस बसो न बसो, सीट मोजलेली असते.

याचं मूळ 1958 च्या मोटार वाहन कर कायद्यात आहे. नोंदणी चालू असलेली गाडी वापरात आहे असं तो कायदा धरूनच चालतो. वापरात नाही हे मालकाने कळवायचं आणि कार्यालयाने तसं प्रमाणित करायचं. तोवर दारात गंजत पडलेली गाडीसुद्धा कायद्याच्या लेखी रस्त्यावर धावत असते.

हे आमच्या घराला ठेच लागून कळलं. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक ट्रक होता. इंजिन बसलं, कामाला पैसे नव्हते, गाडी चौदा महिने कडुनिंबाखाली उभी राहिली. आईने लावलेला दोडक्याचा वेल केबिनवर चढला, आरशाला गुंडाळून पलीकडे उतरला. दोडके आम्ही टपावरून तोडायचो. मग एक दिवस थकलेल्या टॅक्सची नोटीस आली, वर व्याज. आण्णा कार्यालयात जाऊन हात जोडून म्हणाले, “साहेब, साऱ्या गावानं बघितलंय, गाडी जागची हलली न्हाई.” साहेब भले होते. त्यांनी आण्णांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “काका, गावाने बघितलं. आम्हाला कुणी कळवलं?” म्हैस विकून टॅक्स भरला. एका कागदाचं काम होतं आणि तो कागद असतो हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मी या कामात आले ती त्यामुळे.

सकाळी सात. पहिली बस गावाबाहेरच्या शेडमध्ये आहे. मालक आधीच येऊन उभे आहेत, वय पासष्टच्या पुढे, डोक्यावर टॉवेल. त्यांचा पोरगा गाडीखाली शिरलाय. चासी नंबरचा छाप घ्यायचा आहे.

हे काम मला अजून बघत राहावंसं वाटतं. नंबर चासीच्या पट्टीवर ठोकलेला असतो, त्यावर वर्षांचा चिखल आणि ग्रीस. आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने. त्यावर पातळ कागद ताणून धरायचा आणि पेन्सिलीचं शिस आडवं धरून हलक्या हाताने फिरवायचं. जोर दिला तर कागद फाटतो, कमी दिला तर आकडे उमटत नाहीत. हळूहळू काळ्या पट्ट्यातून पांढरी अक्षरं वर येतात, एकेक. पोराने तीन कागद फाडले. चौथा मी स्वतः खाली वाकून घेतला. शेवटचे पाच आकडे आरसीशी ताडून बघितले, कारण पोर्टलवर तेच पाच आकडे विचारतात.

मग किलोमीटर काटा. किल्ली फिरवून आकडा वहीत लिहिला आणि मोबाइलवर फोटो काढला. गाडी पुन्हा चालू करताना हाच आकडा विचारला जाईल.

मालकांनी विचारलं, “ताई, मधीआधी इंजिन चालू केलं तर चालतंय का? न्हाईतर बॅटरी बसती.”

“जागेवर करा, आठवड्यातनं एकदा. पण गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. पेट्रोलपंपावर नाही, गॅरेजला नाही, देवाला तर नाहीच. कामासाठी हलवायचीच झाली तर आधी अर्ज, परवानगी, मग गाडी.”

देवाचं मी मुद्दाम सांगते. श्रावणात एका मालकाने घरच्यांना घेऊन बस देवदर्शनाला नेली. मनात काही वाकडं नव्हतं, भाडं घेतलं नव्हतं. पण टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कापले गेले आणि तारीख, वेळ, नाक्याचं नाव सगळं नोंदलं गेलं. नॉन-युजच्या काळात गाडी वापरली म्हणून टॅक्स आणि दंड दोन्ही अंगावर आले. आता मी प्रत्येक मालकाला काचेवरचं ते स्टिकर बोट लावून दाखवते.

बॅटरीची मायनसची वायर कशी काढून ठेवायची, डिझेलची टाकी भरून ठेवायची म्हणजे आत पाणी सुटत नाही, सीटखाली डांबरगोळ्या टाकायच्या म्हणजे उंदीर वायरिंग कुरतडत नाहीत, हे माझं काम नव्हे. पण सांगते. चार महिन्यांनी गाडी उठलीच नाही तर वाचलेला टॅक्स मेकॅनिकच्या खिशात जातो.

नऊ वाजता एसटीने सांगली. आठ गाड्यांचे कागद पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. बसमध्ये प्रत्येक गठ्ठा परत तपासला: आरसी, परमिट, पासिंगचं प्रमाणपत्र, विमा, टॅक्सची पावती. टॅक्स आजपर्यंतचा भरलेला नसेल तर पुढचं काहीच होत नाही. एका ट्रकची पावती मार्चपर्यंतचीच निघाली. मालकाला फोन लावला, तो म्हणाला भरलाय. “पावती पाठवा,” म्हटलं. गप्प झाला. गाडी बंद पडली की लोक सगळ्यात आधी टॅक्स थांबवतात, आणि तिथेच फसतात. आधी भरा, मग थांबवा, हा क्रम उलटा करता येत नाही.

दहा वाजता कार्यालयासमोरच्या टपरीवजा खोलीत माझं टेबल. एक संगणक, एक प्रिंटर, वर पत्र्यावर पावसाचा आवाज. गाडीचा नंबर टाकायचा, चासीचे पाच आकडे टाकायचे, मग नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. आणि इथे निम्मा दिवस जातो. एका बसला नोंदलेला मोबाइल आधीच्या मालकाचा आहे. एकाचा नंबर ड्रायव्हरचा आहे आणि ड्रायव्हर काम सोडून पुण्याला गेलाय. त्याला फोन केला तर तो भला माणूस, लगेच आकडे सांगितले, वर विचारलं, “मालक बरे हायत न्हवं?” आधीच्या मालकाने मात्र फोन उचलला नाही. ती बस बाजूला ठेवली; आधी मोबाइल नंबर बदलायचा, मग पुढचं.

अर्जात एक रकाना मी कधीच घाईत भरत नाही: गाडी कुठे उभी राहणार. पूर्ण पत्ता लागतो. गट नंबर, गाव, खूण. कारण तिथे निरीक्षक येऊन बघू शकतात आणि गाडी तिथेच सापडली पाहिजे. आम्हा नदीकाठच्या लोकांना त्याहून मोठं कारण आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा माझ्या वहीतल्या दोन बस नदीकडच्या शेतात नॉन-युजला उभ्या होत्या. एका मालकाचा रात्री अकराला फोन आला: “ताई, पाणी बांधाला लागलंय. परवानगीशिवाय गाडी हलवली तर दंड पडंल का?” माणूस पाण्यात उभा राहून मला नियम विचारत होता. मी ओरडलेच, “काका, आधी गाडी काढा!” त्यांनी काढली. मी रात्रीच कार्यालयाला मेल केला, सोबत पाण्यातला फोटो जोडला, दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला आणि तो मान्य झाला. दुसऱ्या मालकाने फोन केलाच नाही. नियम मोडायला नको म्हणून गाडी तिथेच राहू दिली, आणि बस खिडक्यांपर्यंत बुडाली. मी त्यांना अर्ज भरून दिला होता, पण असं झालं तर काय करायचं ते सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा माझ्या वहीतली एकही गाडी नदीच्या बाजूला नव्हती.

म्हणून पावसाळ्यातला नॉन-युज असेल तर जागा उंचावरची मागते. नातेवाइकाचं अंगण चालेल, मंदिरामागची जागा चालेल, त्यांचं संमतिपत्र घेते. नदीकाठचा पत्ता मी अर्जात लिहीत नाही, मालक रागावला तरी.

विम्याचंही असंच. गाडी उभीच राहणार मग विमा कशाला, असं दर दोघांतला एक विचारतो. बुडालेल्या बसचा विमा चालू होता म्हणून मालक उभे राहू शकले. आग, चोरी, पूर यांना गाडी उभी आहे की चालती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. शिवाय विमा संपून 90 दिवस गेले की नो क्लेम बोनसही जातो.

साडेअकरा ते दीड खिडकीपुढे. रांग मोठी होती, काम झालं. सहा अर्ज आवक झाले, सहा पोचपावत्या शिक्क्यासह हातात आल्या. मूळ आरसी आणि परमिट अर्जासोबत जातात, म्हणून पोच हा त्या चार महिन्यांतला मालकाचा एकमेव आधार. मी तिच्या दोन झेरॉक्स काढते, एक मालकाला, एक माझ्या फायलीत.

रांगेतच एक तरुण मालक भेटला. मोबाइलवर आलेला निरोप दाखवत होता: सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गाडी रस्त्यावर नसेल तर टॅक्स नाही, मग अर्ज तरी कशाला? निकाल खरा आहे, 29 ऑगस्ट 2025 चा. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात, भिंतीआड, एका कंपनीच्या 36 गाड्या माल हलवत होत्या. सार्वजनिक रस्त्यावर त्या येतच नव्हत्या. ते आवार सार्वजनिक जागा नाही, म्हणून त्या काळाचा टॅक्स लागत नाही, असं कोर्टाने धरलं. आंध्रच्या कायद्यातली शब्दयोजना वेगळी, तिथली जागा वेगळी. मी त्याला म्हटलं, “त्या कंपनीला हे सिद्ध करायला वर्षानुवर्षं लढावं लागलं. तुझ्याकडे भिंत आहे का? वकील आहे का?” त्याची बस घरापुढच्या रस्त्याकडेला उभी असते. तो माझ्यामागे रांगेत उभा राहिला.

दोन वाजता डबा. भाकरी, पिठलं, हिरवी मिरची. खाता खाता दोघांना परत पाठवलं. एकाची स्वतःची कार. तो दुबईला चाललाय, दोन वर्षं गाडी उभी. खासगी कारचा टॅक्स नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो, तिथे थांबवायला काही उरतच नाही. दुसऱ्याचा छोटा टेम्पो, त्याचाही कर एकरकमी भरलेला. 2025 च्या अर्थसंकल्पात 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना सात टक्के एकरकमी कर आल्यापासून असे लोक जास्त येतात. दोघांकडून पैसे घेतले नाहीत. काम नसलेल्या कामाचे पैसे मी घेत नाही.

साडेतीन. मागच्या आठवड्यातल्या एका अर्जाची स्थळपाहणी आज लागली होती. निरीक्षक मॅडम स्वतःच्या दुचाकीवर रेनकोट घालून आल्या. गाव कार्यालयापासून पंचवीस किलोमीटर. बस एका वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, चारही बाजूंनी लाकडी ओंडक्यांवर उचललेली, चाकं जमिनीपासून चार बोटं वर. मॅडमनी टॉर्च घेऊन चासी नंबर वाचला, काट्यावरचा आकडा माझ्या फोटोशी ताडला, चाकाखालची माती बघितली. तिथे ताज्या खुणा नव्हत्या, कोंबडीने अंडं घातलं होतं. मॅडम हसल्या नाहीत, पण अंड्यासकट फोटो काढला. शेजारच्या दोघांना पंच केलं. एकाला सही येत नव्हती, त्याने अंगठा दिला आणि मॅडमनी पंचनाम्यातला प्रत्येक शब्द त्याला वाचून दाखवला. पावसात, आभाळ अंधारून आलेलं, घरी जायची घाई असणार, तरी वाचून दाखवला. असं काम करणारी माणसं आहेत म्हणून एवढा कारभार चालतो.

निघताना मॅडमनी मालकाला विचारलं, “पासिंग कधी संपतंय?” मालक गोंधळले. गाडी उभी म्हणजे सगळंच थांबलं असं त्यांना वाटत होतं. नॉन-युजने टॅक्स थांबतो. पासिंगची तारीख थांबत नाही, परमिटची मुदत थांबत नाही. पासिंगला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपयांचा केंद्राचा नियम 2016 च्या अखेरीपासून आहे. त्यावरूनच 2024 मध्ये राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले होते. ही बस ऑक्टोबरात पासिंगला न्यायची आहे. मी वहीत त्या तारखेला लाल पेनने गोल केला.

पाच वाजून गेले होते. सांगलीला परत येईपर्यंत कार्यालय बंद व्हायची वेळ. टपरीच्या पायरीवर एक बाई बसलेली, सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. हातात पिशवी, पिशवीत एका ट्रकची फाइल. नवरा जानेवारीत गेला. ट्रक दिराच्या गोठ्यापुढे तेव्हापासून उभा. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या आज आल्या, तालुक्याहून दोन बस बदलून.

मी फाइल उघडली. टॅक्स डिसेंबरपर्यंतचा. गाडी अजून नवऱ्याच्याच नावावर. मालक गेल्यावर 30 दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाने आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. त्यासाठी 31 नंबरचा फॉर्म आहे. यातलं काहीच झालेलं नव्हतं. कोण करणार? घरात माणूस गेलेलं असताना आरटीओ कुणाच्या मनात येतं?

“वहिनी,” मी म्हटलं, “मागच्या सहा महिन्यांचा टॅक्स भरावा लागणार. व्याजासकट. ते माझ्या हातात नाही.”

त्या म्हणाल्या, “गाडी तर त्यांनीच शेवटची लावली हुती. किल्लीबी अजून खिळ्यालाच हाय.”

खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला: गाडीचे मालक अमुक तारखेला मयत झाले, गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, वापरात नाही, वारस पत्नी नावबदलाची प्रक्रिया करत आहे, थकीत कर भरून नॉन-युजची नोंद घ्यावी. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली. त्यांनी सही केली, जपून, एकेक अक्षर. आम्ही दोघी पळत गेलो. आवक बारनिशीच्या टेबलावरचे काका दप्तर आवरत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि शिक्का पुन्हा बाहेर काढला. 30 जून. एवढ्या अर्जाने सगळं सुटत नाही, पुढे टॅक्स, वारस, नावबदल, बरंच आहे. पण आजची तारीख कागदावर आली. आजपर्यंत त्या ट्रकबद्दल कुणीच काही बोललेलं नव्हतं.

मुलाने शिक्क्याची शाई बोटाने पुसायला घेतली, आईने हात धरला.

साडेआठला घरी. अंगावरचे कपडे ओलेच. जेवणाआधी वही. आजच्या अकरापैकी सात गाड्यांपुढे बरोबरची खूण: सहा सकाळच्या, सातवी रांगेतल्या त्या तरुण मालकाच्या भावाची बस, तीही यादीत होतीच. चार राहिल्या: मार्चपर्यंत टॅक्स भरलेला ट्रक, ओटीपी न मिळालेली बस, आणि दोन मालक जे आलेच नाहीत. त्या दोघांना फोन केले. एक म्हणाला, “उद्या येतो की, एका दिवसानं काय हुतंय?” त्याला काय होतं ते समजावून सांगितलं. उद्याची तारीख जुलैची, आणि जुलैपासूनचा हिशोब मग वाद घालत बसण्याचा. तो गप्प ऐकत होता. सकाळी आठला गाडीचे कागद घेऊन दारात येतो म्हणाला.

मग मागच्या पानांवर गेले. गाडी उभी करताना जेवढी काळजी, तेवढीच उठवताना लागते. दसऱ्याला कोणत्या गाड्या परत चालू करायच्या, कुणाचा अर्ज कधी द्यायचा, कोणाचं पासिंग आधी करायचं, ती यादी वेगळी आहे. वहिनींच्या ट्रकसाठी नवीन पान घेतलं. वर नंबर लिहिला, खाली आजची आवक नोंद, त्याखाली ‘31 नंबर फॉर्म, सोमवारी’.

नदीचा निरोप आला होता, पाणी पात्रातच आहे.

पिशवीतले कागद वाळत टाकताना सकाळचा तो चासीचा छाप हाताला लागला. प्लास्टिकच्या घडीतून पाणी आत गेलं होतं, शेवटचे दोन आकडे पुसट झालेत. उद्या शेडकडे जाऊन दुसरा घ्यायचा. रॉकेलचा बोळा आणि पातळ कागदाचे चार तुकडे पिशवीत वर ठेवले.